तीजेचे रिकामे रकाने

पूनमसिंग आडे यांच्या वहीत दरवर्षी नऊ रकाने रिकामे असायचे. त्या नऊ दिवसांवरून एक आडवी रेघ मारलेली असे आणि रेघेवर लिहिलेलं असे, ‘तीज. पाह्यलं नाही.’ बाकी कपाशीचा हंगाम असेल तेवढे दिवस प्रत्येक रकान्यात आकडा.

पूनमकाका माझे सख्खे काका नाहीत. आमच्या बंजारा तांड्यात त्यांचं घर नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, आणि आमचं त्यांच्या मागचं. पांढरकवड्याकडच्या एका महाविद्यालयाच्या शेतावर ते सतरा वर्षं रोजंदारीवर होते. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथेच मी बी.एस्सी. केलं. काकांचं शिक्षण आठवीपर्यंत. कपाशीत लावलेल्या सहा कामगंध सापळ्यांमधले पतंग रोज सकाळी मोजायचे, हे त्यांचं मुख्य काम. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास असलेली एक गोळी सापळ्याच्या टोपणात अडकवलेली असते. त्या वासाने नर येतात आणि खालच्या प्लास्टिकच्या पिशवीत अडकतात. किती आले त्यावरून फवारणी करायची की थांबायचं, हे ठरतं.

काका पिशवी जुन्या वर्तमानपत्रावर उलटी करायचे आणि बाभळीच्या काटकीने एकेक पतंग बाजूला सारत मोजायचे. पंखांवरून मोजायचे नाहीत. ‘पंख उडतात, धड कुठी जात नाही,’ म्हणायचे. आमच्या वर्गातल्या शामने एकदा प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘सुमारे वीस पतंग’ असं लिहिलं होतं. काकांनी ती वही परत केली.

‘सुमारे पतंग कोणता असते रे? दाखव बरं मले एखादा.’

पोरं हसली. शाम परत शेतात गेला, मोजून आला. सतरा होते.

या शेताचे प्रमुख डॉ. ताजणे सर. वाईट माणूस म्हणून त्यांची ओळख करून देणं मला सोपं पडलं असतं, पण ते खरं होणार नाही. परीक्षेच्या फीचे पैसे कमी पडले तेव्हा माझा अर्ज त्यांनीच हातात धरून ऑफिसात नेला होता. आणि तीजेच्या वेळी काकांना ते स्वतःहून म्हणायचे, ‘तुझ्या घरचं काम आहे, जा तू. मस्टरचं मी पाहून घेतो.’

श्रावणात राखीच्या सुमाराला आमच्या तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांमध्ये गहू पेरतात. त्या टोपल्या नायकाच्या घरी ठेवतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमाराला त्यांचं विसर्जन होतं. आमच्या तांड्यात नायकाच्या घरचा कर्ता पुरुष तेवढे दिवस तांडा सोडून कामाला जात नाही. मोठे भाऊ वारल्यापासून तो मान काकांकडे आला होता. म्हणून ते नऊ दिवस सापळे कुणीच पाहत नसे. परत आले की सर हजेरीचं मस्टर पुढे करत आणि काका त्यातल्या नऊ रकान्यांत एकदम सह्या करत. रजेचा अर्ज नाही, कपात नाही.

शेवटच्या दिवशी सर मोटरसायकलवर तांड्यात जेवायला यायचे. पोरी गव्हाचे उगवलेले कोंब, त्यांनाही तीजच म्हणतात, आधी नायकाच्या पागोट्यात खोवतात, मग घरच्या भावांना देतात. सरांच्या खिशाला पोरींनी कोंब लावले होते. मीच एका वर्षी लावले होते.

२०२४ च्या उन्हाळ्यात सरांचा निबंध एका जर्नलमध्ये छापून आला. महाविद्यालयात सत्कार झाला. सहाही सापळे धुऊन टेबलावर मांडायचं काम काकांकडे होतं. निबंधाचं वैशिष्ट्य असं सांगितलं गेलं की पाच हंगामांत एकही दिवस न चुकता रोज नोंद घेतलेली, अशी सलग आकडेवारी या भागातून प्रथमच आली आहे. लेखक चार होते: ताजणे सर, त्यांच्या मिसेस, संस्थेच्या सचिवांचा मुलगा आणि बाहेरगावचे एक प्राध्यापक, ज्यांनी हे शेत कधी पाहिलं नव्हतं. आभार विद्यापीठाचे, संस्थेचे आणि प्रयोगशाळेचे. काकांचं नाव कुठेच नव्हतं.

याचं काकांना काही वाटलं नाही. मी फोनवर चिडले तेव्हा म्हणाले, ‘मी मोजलं, त्याईनं लिवलं. नाव टाकून काय मले प्रोफेसर करतीन?’

त्याच जुलैमध्ये निबंधाच्या आधारावर एक पत्रक निघालं आणि कृषी केंद्रांच्या काचांवर चिकटलं. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पतंगांची पहिली मोठी लाट येते, पहिली फवारणी तेव्हाच करा, असं त्यात होतं. तांड्यातल्या लोकांनी ते वाचलं आणि विश्वास ठेवला. पत्रकावर नाही, पतंग पूनमसिंगनं मोजलेत, यावर.

लालसिंग काकांच्या शेजारचा. त्याने पत्रकात सांगितलेल्या दिवसांत, भर उकाड्यात, तोंडाला काही न बांधता फवारणी केली आणि चार दिवस सरकारी दवाखान्यात पडून राहिला. उलट्या थांबेनात, डोळ्यांना दिसेना. बरा झाला, पण उजव्या डोळ्याला अजून पडदा धरल्यासारखं होतं. घरी आल्यावर काका त्याला भेटायला गेले, तेव्हा तो बाजेवर पडूनच बोलला.

‘काय पूनमभाऊ, तुमचे पतंग लय हुशार निघाले. माह्या वावरात एकबी आला नाही. पत्रक वाचून पळाले वाट्टे.’

‘मी ऑगस्टात लाट पाह्यलीच नाही, लालसिंग.’

‘मंग छापली कोणं? पतंगाईनं?’

काका उठून घरी आले आणि त्यांनी मला फोन लावला. मी आता पुण्यात एका कंपनीत आकडेवारीचं काम करते. तांड्यातली सांख्यिकी शिकलेली मी एकटीच. काका म्हणाले, ‘त्या निबंधातले ऑगस्टचे आकडे मले वाचून दाखव.’

निबंधात फक्त आलेख होते. जर्नलच्या नियमाप्रमाणे मागणी केल्यास मूळ आकडे द्यावे लागतात. मी मागणी केली आणि तीन आठवड्यांनी संपादकीय कार्यालयाकडून तक्ता आला. पाच हंगाम, रोजचे आकडे, एकही रकाना रिकामा नाही.

बनावट आकडे ओळखायच्या पद्धती मला माहीत होत्या, पण त्यांची गरज पडली नाही. दरवर्षी नऊ दिवसांचा एक तुकडा बाकीच्या आकड्यांहून गुळगुळीत दिसत होता. चार, सहा, सात, नऊ, अकरा, अकरा, दहा, आठ, पाच. पुढच्या वर्षी तेच आकडे, प्रत्येकात एक मिळवलेला. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. मोजलेले पतंग असे शिस्तीत येत नाहीत. एका सापळ्यात चौदा तर शेजारच्यात एक, असंच असतं.

तो तुकडा दरवर्षी जागा बदलत होता. २०१९ ला पंधरा ऑगस्टपासून, २०२० ला तीनपासून, २०२१ ला बावीसपासून, २०२२ ला अकरापासून, २०२३ ला तीसपासून. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्याने हवामानात कारण शोधलं असतं. मी त्या तारखांकडे पाहिलं आणि मला पोरींची गाणी आठवली. पतंगाला पंचांग कळत नाही. ही लाट तीजेबरोबर पुढे-मागे सरकत होती.

दिवाळीत मी तांड्यात गेले. काकांच्या वह्या लोखंडी पेटीत होत्या, सतराच्या सतरा. तक्ता आणि वही शेजारी ठेवली. जिथे तक्त्यात लाट होती, तिथे वहीत आडवी रेघ होती. पाचही वर्षं.

काका बराच वेळ त्या तक्त्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘सरांनी मले विचारलं असतं, तं मी तीजेत बी एक फेरी मारून आलो असतो. न पाह्यलेलं काहून लिवलं?’

मी सांगितलं की जर्नलला लिहिता येतं. पुरावा असेल तर त्यांना चौकशी करावी लागते; आकडे खोटे निघाले तर निबंध मागे घ्यावा लागतो, आणि तो गेला की पत्रकही जातं. हे मी पूर्ण खात्रीने सांगितलं. नीतीचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर होते, मी ते दोनदा वाचले होते.

जमनाकाकू चुलीपाशी भाकरी थापत होती. ती वळलीसुद्धा नाही.

‘आन् मस्टर?’

‘मस्टरचं काय?’ मी विचारलं.

‘त्या नऊ दिवसाच्या सह्या कोणं केल्या? यानं. हा मी तिथं नव्हतो म्हणन, तं सही कायची केली म्हणून विचारतीन. पेपरातले पतंग राहतीन बाजूला. अन् याची कायम करायची फाईल सायबाच्या टेबलावर पडून हाय.’

मला हे सुचलं नव्हतं. सतरा वर्षांनंतर पहिल्यांदा ती फाईल हलली होती. कायम झाले असते तर काकांना उरलेली पाच-सहा वर्षं तरी पक्की नोकरी मिळाली असती.

‘काकू, सरांनीच करायला लावल्या ना सह्या?’

‘सर सांगतीन का तसं? तू शिकेल हायेस रंजी, पण तुले माणूस मोजता येत नाही.’

तिसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. पिशवी भरत असताना ते दारात आले.

‘लिही. लालसिंगनं माह्या मोजणीवर फवारलं. पुढच्या साली आखीन कोणी फवारन.’

मी घाईघाईत वह्यांमधल्या तीजेच्या पानांचे फोटो घेतले. सगळ्या पानांचे घ्यायला हवे होते. पण आर्णीहून सुटणारी गाडी चुकली असती, आणि वह्या पेटीत सुरक्षितच आहेत असं मला वाटलं. ही माझी चूक. ती मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच तिची नोंद होणार नाही.

संपादकांचं उत्तर सभ्य होतं. तक्रार गंभीर आहे, असं त्यांनी मान्य केलं. मात्र शेतावर काय घडलं हे जर्नल स्वतः तपासू शकत नाही. नियमाप्रमाणे लेखकाच्या संस्थेला चौकशी करायला सांगितलं आहे, असं त्यात होतं. नियमात तसंच लिहिलेलं होतं. मी वाचताना त्या ओळीवरून पुढे गेले होते.

फेब्रुवारीत संस्थेने समिती नेमली. प्राचार्य, सचिवांच्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी, आणि विषयाची माहिती असावी म्हणून ‘निमंत्रित’ ताजणे सर. ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच समोर बसले. काकांना मूळ वह्या घेऊन बोलावलं. काकांनी त्या पाच हंगामांच्या वह्या थैलीत घालून नेल्या आणि टेबलावर ठेवल्या. पोच मागितली नाही. कॉलेजात वही मागितली की द्यायची, हेच त्यांनी सतरा वर्षं केलं होतं.

पुढचं मला परवेजभाईंकडून कळलं. ते तिथले लिपिक. त्या दिवशी इतिवृत्त लिहायला तेच बसले होते. त्यांनी मला रस्त्यावरून फोन केला, मागे ट्रकचे आवाज येत होते.

‘पहिला सवाल वहीचा नव्हताच, रंजिता. मस्टर आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं. प्राचार्य साहेब म्हणाले, या पंचेचाळीस सह्या तुमच्याच ना? म्हणाला, माह्याच. म्हणे त्या दिवशी शेतावर होते? म्हणाला, नव्हतो. साहेब म्हणे, मग तुम्ही पाच साल खोटी हजेरी लावली. आता सांगा, खोटी हजेरी लावणाऱ्याची वही आम्ही खरी कशी मानायची?’

‘काका काय म्हणाले?’

‘म्हणाला, हजेरी खोटी हाय, वही खरी हाय. एकदम सीधा बोलला. मग साहेबांनी विचारलं, कोणाच्या परवानगीनं जात होते? पूनमभाऊनं ताजणे सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहून राहिले होते. मी म्हटलं आता बोलेल. मी तर कलम धरूनच बसलो होतो.’

‘मग?’

‘म्हणाला, मीच गेलतो. बस. इतकंच.’

मी त्याच संध्याकाळी काकांना फोन केला आणि मोठ्यांशी बोलू नये अशा आवाजात बोलले. एक वाक्य बोलायचं होतं. सरांनी पाठवलं, सरांनी सह्या घेतल्या. ते वाक्य खरं होतं, आणि सगळं त्यावरच उभं होतं.

काका शांतपणे म्हणाले, ‘त्यानं आमच्या पोरीच्या हातून तीज घेतली, बेटी. तू बी देल्ली. नायकाच्या घरी तीज घेतलेल्या माणसाचं नाव पंचापुढं कसं घेऊ?’

‘त्यांनी तर तुम्हाला खोटं ठरू दिलं.’

‘त्यानं पेपरात खोटं लिवलं, ते मी सांगतलं. ते सांगाचंच होतं. पण तीजेले जा म्हणून त्यानं उपकार केलता. तो मी त्याच्यावर कसा उलटवू?’

मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही येतो. काकांचा हिशेब मला समजतो, पटत नाही. ताजणे सरांना तो पक्का ठाऊक होता, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते. पंख्याकडे पाहत ते निवांत बसले होते, कारण हा माणूस आपलं नाव घेणार नाही हे त्यांना माहीत होतं. ते आमच्या ताटात जेवले होते.

मार्चमध्ये काकांचं काम बंद झालं. कायम करण्याची फाईल ‘गैरवर्तनामुळे’ निकाली निघाली. वह्या परत मागायला ते तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा चावी नव्हती, तिसऱ्यांदा अशा कोणत्याही वह्या कार्यालयात नाहीत असं उत्तर मिळालं. परवेजभाईंनी लिहिलेलं इतिवृत्तही बदललं. ‘पूनमभाऊ बोलला तसंच मी लिहिलं होतं,’ ते म्हणाले, ‘साहेबांनी दुसरं टाईप करायला लावलं. मला पण दोन पोरं आहेत, रंजिता.’ मी त्यांना काय बोलणार? फोन तरी त्यांनीच केला होता.

मी फोटो जर्नलला पाठवले. उत्तर आलं: केवळ छायाचित्रांवरून मूळ नोंदवहीची सत्यता ठरवता येत नाही, मूळ वही सादर करावी किंवा संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावी. मी लिहिलं की वही संस्थेकडेच आहे. संस्थेने त्यांना कळवलं की वही उपलब्ध नाही. मी पुन्हा लिहिलं की तुमच्याच तक्त्यात तेच नऊ आकडे एक-एक वाढवून आले आहेत, त्याला वही कशाला लागते, नुसतं पाहा. यावर उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे.

जूनमध्ये जर्नलच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र आलं. ते मी छापून तांड्यात घेऊन गेले. आपल्या मोबाइलवर उघडून वाचणं काकांना जमलं नसतं आणि फोनवर सांगायची माझी तयारी नव्हती.

काका ओट्यावर बसले होते. लालसिंगही होता, उजवा डोळा चोळत. काकांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, परत माझ्याकडे दिला. ‘मराठीत सांग.’

मी सांगितलं. ‘लिहिलंय की, या निबंधासाठी नोंदी घेणारे क्षेत्र-मदतनीस पी. आडे यांच्या उपस्थितीबाबत संस्थेच्या चौकशीत अनियमितता आढळली. त्यामुळे काही नोंदींची पडताळणी होऊ शकली नाही. लेखकांना याबद्दल खेद आहे. याचा निबंधाच्या निष्कर्षांवर परिणाम होत नाही.’

‘पी. आडे म्हणजे मी?’

‘हो.’

लालसिंग हसला. ‘आलं ना भाऊ नाव छापून. रंजी मागं भांडे ना, काकाचं नाव नाही म्हणून. घ्या आता.’

काकांनी परत कागद घेतला. त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता येतात. त्यांनी ओळीवर बोट ठेवून आपलं आडनाव शोधलं आणि तिथे ते बोट थांबलं.

‘ते नऊ दिवस काढले का?’

‘नाही काका. आकडे तसेच आहेत.’

‘नाव टाकलं अन् दिवस ठेवले?’

‘हो.’

त्यांनी कागदाची घडी केली, ती आणखी एकदा मोडली आणि खिशात ठेवली. आत जमनाकाकू सगळं ऐकत होती. ‘सांगतलं होतं,’ असं ती म्हणाली नाही. मी वाट पाहत होते, पण ती नाहीच म्हणाली.

मागच्या आठवड्यात मी परत गेले होते. कृषी केंद्राच्या काचेवर या वर्षीचं पत्रक लागलं आहे. तारखा त्याच, खाली निबंधाचा उल्लेख तोच. काकांच्या परसात एक जुना सापळा होता, शेतावरून बाद झालेला. काम गेल्यावरही महिनाभर ते त्यात पाहत असत. आता त्याची पिशवी काढून जमनाकाकूने तिच्यात मिरचीचं बी भरून ठेवलंय.

मी बसलेली असतानाच लालसिंग पत्रकाचा कागद घेऊन आला. ओट्याखालीच उभा राहिला.

‘पूनमभाऊ, खरं सांगा, औंदा फवारू का नको?’

काकांनी कागदाकडे पाहिलं नाही.

‘मी मोजत नाही आता,’ ते म्हणाले, आणि बैलाला पाणी दाखवायला उठले.